ऐकणारा खेळाडू आणि संघाचा खेळाडू

सरावाला पाच मिनिटं आधी हजर, शिट्टी वाजली की रांगेत, ‘आज तू राखीव’ म्हटलं की मुकाट्यानं बाकावर. असा मुलगा प्रत्येक प्रशिक्षकाला हवाहवासा वाटतो आणि हंगाम संपताना ‘संघभावना’ म्हणून कौतुकही बहुधा त्याचंच होतं. पण हे सगळं वर्णन आज्ञाधारकपणाचं झालं. त्याच्यात संघभावना असेलही. एवढ्यावरून ती कळत नाही.

दोन्ही गोष्टी एकाच क्षणी पाहायच्या असतील तर १ फेब्रुवारी १९८१ चा मेलबर्नचा सामना आठवावा. शेवटचा चेंडू उरलाय, बरोबरी साधायला न्यूझीलंडला सहा धावा हव्यात. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ग्रेग चॅपेल गोलंदाजाला सांगतो, चेंडू खालून, जमिनीवरून सरपटत टाक. गोलंदाज म्हणजे त्याचा धाकटा भाऊ ट्रेव्हर. त्या वेळच्या नियमात हे बसत होतं, आणि ट्रेव्हरनं तसाच चेंडू टाकला. यष्टीमागे रॉडनी मार्श मात्र ‘नको’ म्हणून मान हलवत होता. फलंदाज ब्रायन मॅकेकनीनं चेंडू अडवला आणि चिडून बॅट भिरकावली. ऑस्ट्रेलिया जिंकली, पण नाचक्की एवढी झाली की पुढे नियमच बदलावा लागला.

ट्रेव्हरला नावं ठेवणं सोपं आहे. समोर कर्णधार, वर थोरला भाऊ. नाही म्हणणं किती जणांना जमलं असतं? तरी संघाचं भलं त्या घडीला मार्शला जास्त कळत होतं, आणि आज्ञाधारकपणाच्या परीक्षेत नापास झाला असता तो मार्शच.

एरवी रोजच्या खेळात हा फरक लपून राहतो. तो उघडा पडतो, जिथे कुणी बघत नाही तिथे. मॅक्सिमिलियन रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्यानं माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला आणि १९१३ मध्ये निष्कर्ष छापले: माणसं वाढली की एकूण जोर वाढतो, पण माणशी जोर कमी होतो. सगळ्यांचा हिसका एकाच वेळी बसत नसेल, अशी एक शंका होती. म्हणून १९७४ मध्ये अॅलन इंगहॅम आणि सहकाऱ्यांनी डोळे बांधलेल्या माणसाला मागे आणखी जण ओढताहेत असं भासवलं. ओढत होता तो एकटाच, तरी त्याचा जोर घटला. पुढच्या काही वर्षांत मोठ्यानं ओरडण्याचे असेच प्रयोग झाले. प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय असं कळल्यावर अंगचोरी जवळपास थांबली.

ऐकणाऱ्या खेळाडूचं घोडं इथेच अडतं. त्याच्या लेखी मोजणारा एकच, प्रशिक्षक. त्यांची पाठ वळली की दुसऱ्याच्या थ्रोमागे बॅकअपला धावणं बंद, चेंडू गमावल्यावर बचावासाठी मागे पळणं बंद. संघाचा खेळाडू धावतो, कारण तो तिथे नसला तर आपल्याच एका गड्याची पंचाईत होणार हे त्याला ठाऊक असतं.

मग ‘एक जण उशिरा आला, सगळ्यांनी दहा फेऱ्या मारा’ या लाडक्या शिक्षेतून काय तयार होतं? माझ्या मते नुसता त्या एकावरचा राग. त्यापेक्षा सामना संपल्यावर मुलांनीच एकमेकांची धावफलकावर न येणारी कामं सांगावीत: कुणी जागा भरून काढली, झेल सुटलेल्या पोराजवळ आधी कोण गेलं. प्रशिक्षकांनी तेवढा वेळ गप्प बसावं. (हेच सगळ्यात अवघड.) सरावातलं कर्णधारपदही आळीपाळीनं द्यावं, सगळ्यांना सोबत घेताना काय दमछाक होते ते एकदा अनुभवलेलं बरं.

राहिला ‘मला का बसवलं?’ असं तोंडावर विचारणारा मुलगा. त्याला उद्धट ठरवण्याआधी सामना चालू असताना तो बाकावर काय करत होता ते आठवावं. समोरचा बचावपटू डावीकडे कमी पडतोय, हे तो बदली म्हणून आत जाणाऱ्याच्या कानात सांगत असेल, तर त्याला शेजारी बसवून खरं कारण सांगावं.