पिकअप गेलाय, की गाडी फ्री नाही?

जुन्या गाडीचं अ‍ॅव्हरेज १६वरून १२वर आलं की इंदूरमध्ये पहिला सल्ला ठरलेला: ट्यूनिंग करून घ्या. मग प्लग बदलतात, एअर फिल्टर बदलतो, थ्रॉटल बॉडी धुतली जाते, एखादा मिस्त्री ऑक्सिजन सेन्सरही बदलायला लावतो. काही हजार रुपये जातात आणि पुढची टाकी पुन्हा १२च दाखवते, कारण दोष इंजिनात नव्हताच. मागचं डावं चाक चिकटत होतं. उलटंही घडतं. चारही चाकांचे ब्रेक उघडून बसवले जातात आणि खरा दोषी असतो थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाचं तापमान राखणारा व्हॉल्व्ह.

हा घोळ होतो, कारण दोन अगदी वेगळ्या गोष्टींना आपण एकच शब्द वापरतो: ‘गाडी जड झालीय’. एकात इंजिन तेवढ्याच कामाला जास्त पेट्रोल पितं. दुसऱ्यात इंजिन ठणठणीत असतं, पण चाकं मोकळी फिरत नाहीत, गाडी ‘फ्री’ नसते, म्हणून त्याला ओढायचं कामच जास्त पडतं. टाकीवर दोन्हींचा परिणाम सारखाच, आणि पायालाही दोन्ही सारखेच जाणवतात, कारण दोन्हींत अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबावा लागतो. म्हणून पायावर विश्वास ठेवू नका.

त्याआधी अ‍ॅव्हरेज खरंच पडलंय का, ते पाहा. हे तुम्हाला येतंच: एकाच पंपावर पहिल्या ऑटो-कटपर्यंत टाकी फुल, निदान ३०० किलोमीटर चालवा, पुन्हा तिथेच तसंच भरा, भागाकार करा. डॅशबोर्डवरचा आकडा धरू नका. टायरचा साइज बदलला असेल तर तेही हिशेबात घ्या. १५५/८० आर १३च्या जागी १६५/८० आर १३ घातले की चाकाचा व्यास साधारण पावणेतीन टक्के वाढतो, मीटर तेवढं कमी अंतर मोजतो आणि अ‍ॅव्हरेज कागदावरच पडतं. इथेनॉलचंही तसंच. त्यात लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे २० टक्के मिश्रणात निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत ७ टक्क्यांच्या आसपास घट. १५ची गाडी १४वर आली तर इंधनाला दोष द्या. ११वर आली असेल तर उरलेलं गाडीत शोधा.

आता मुख्य गोष्ट. इंजिनाचा दोष आणि ओढीचा दोष वेगळे करायचे तर इंजिनाला चाकांपासून सोडवायचं. गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की नेमकं तेच होतं. मग गाडी किती लांब जाते, याचा इंजिनाशी काही संबंध उरत नाही.

सुपर कॉरिडॉरसारखा सरळ, रुंद रस्ता निवडा. पहाटे, वारा नसताना, मागे कोणी नाही हे बघून. दहाएक किलोमीटर चालवून टायर आणि गिअरबॉक्सचं तेल गरम झालेलं असावं, टायरची हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे असावी. वेग ४५वर न्या, न्यूट्रल करा, ब्रेकला पाय लावू नका. काटा ४०वर आला की घड्याळ सुरू, २०वर आला की बंद. मग त्याच पट्ट्यावर उलट दिशेने तसंच करा आणि दोन्हींची सरासरी घ्या. इंदूरची जमीन डोळ्याला सपाट वाटते पण असते चढउताराची, आणि अर्ध्या टक्क्याचा उतारही एका दिशेचा आकडा पार फसवा करतो. इंजिन चालूच ठेवा. चावी बंद केली तर ब्रेकचा सर्वो (पेडल हलकं करणारी मदत) आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जातात, चावी काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. ऑटोमॅटिक गाडीत मात्र ही चाचणी करू नका, थेट जॅक लावून चाकं तपासा.

निरोगी हॅचबॅकला ४०वरून २०वर यायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास किंवा जास्त वेळ लागतो. सरासरी २० सेकंदांच्या खाली आली, तर गाडी फ्री नाही, आणि अशा गाडीच्या इंजिनाला हात लावणं म्हणजे पैसे फुकट घालवणं. सर्वांत भरवशाचा आकडा मात्र तुमच्याच गाडीचा, ती ठीक असतानाचा. आज गाडी उत्तम असेल तर आजच मोजून सर्व्हिस बुकात लिहून ठेवा. दोन वर्षांनी तोच आकडा कुठल्याही मिस्त्र्याच्या अंदाजापेक्षा जास्त सांगेल.

गाडीच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला, स्कॅनर जोडून बिघाडाचे कोड वाचणाऱ्यांची चूक इथेच होते. चाक चिकटत असेल तर स्कॅनरला काहीच दिसत नाही, कोड येत नाही, कारण इंजिन आपलं काम बिनचूक करत असतं. जितकी ओढ, तितकी हवा, तितकं पेट्रोल. गाडी घाट चढतेय की ब्रेक घासत चाललीय, हे ईसीयूला कळायला मार्गच नाही. ‘स्कॅन में सब ठीक है’ हे वाक्य म्हणूनच अर्धं उत्तर आहे. याचा खरा अर्थ ‘गाडी ठीक आहे’ असा होत नाही. ‘आता चाकांकडे बघा’ असा होतो.

चाकं बघायची कशी? दहा किलोमीटर चालवा, शेवटचा एक किलोमीटर ब्रेक जवळजवळ न वापरता गाडी हळूहळू थांबवा, आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही चाकांच्या डिस्क-ड्रमचं तापमान घ्या. थर्मामीटर नसेल तर हात रिमजवळ न्या. डिस्कला किंवा ड्रमला बोट लावू नका, कातडी सोलून निघेल. पुढची चाकं मागच्यांपेक्षा गरम असणारच, त्यामुळे तुलना नेहमी एकाच अ‍ॅक्सलच्या डाव्या-उजव्याची. तिथे २०-२५ अंशांचा फरक दिसला की चोर सापडला.

मग जॅक. पुढची बाजू उचलताना हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल. मागची उचलताना हँडब्रेक सोडावाच लागतो, म्हणून पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड आणि गिअर पहिला. मागचं ड्रमचं चाक हलक्या हाताने दोन-तीन फेरे सहज फिरायला हवं. पुढच्या डिस्कला पॅडचा हलका घासल्याचा आवाज असतोच, तो दोष नाही. पण दोन्ही हातांनी जोर लावावा लागला तर आहे.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग चुकीचा पार्ट बदलतात. चाक जाम असतानाच त्या चाकाचा ब्लीडर निपल (ब्रेक ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) अर्धा फेरा सैल करा. थोडं ब्रेक ऑइल उडून चाक मोकळं झालं, तर कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) चांगला आहे. लाइनमध्ये दाब अडकून बसलाय. एकच चाक असेल तर त्याचा रबरी होज आतून फुगलाय: पाय दाबल्यावर तेल पुढे जातं, सोडल्यावर परत येत नाही. बाहेरून तो होज नवाकोरा दिसतो, म्हणून कोणी बदलत नाही. दोन्ही किंवा चारही चाकं अशी असतील तर दोष मास्टर सिलिंडरचा (पेडलखालचा, ब्रेक ऑइलला दाब देणारा पंप), किंवा पेडलच्या पुशरॉडला मोकळीकच उरलेली नाही. निपल उघडूनही चाक जामच राहिलं, तर दोष यांत्रिक: पिस्टन गंजलाय, किंवा कॅलिपरच्या सरकत्या पिना सुकल्यात. पिनांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लागतं. साधं बेअरिंगचं ग्रीस लावणारे मिस्त्री बघून राग येतो. त्याने पिनेचं रबर फुगतं आणि सहा महिन्यांत पिन पुन्हा अडकते. निपल घट्ट करून ब्लीडिंग केल्याशिवाय (लाइनमधली हवा काढल्याशिवाय) गाडी हलवू नका, आणि ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

मागच्या ड्रममध्ये मुख्य संशयित हँडब्रेकची केबल. पावसाळ्यात रामबागेतल्या अंगणात हँडब्रेक ओढून महिनाभर उभी राहिलेली गाडी या रोगाचा नेमका नमुना: केबल म्यानात गंजते, लीव्हर खाली जातो पण लायनर (ड्रमला घासणारे ब्रेक-शू) पूर्ण मागे येत नाहीत. केबलचा नट सैल करून चाक सुटलं तर केबल बदला, तेल घालून भागवू नका. लायनर नवे घातल्यावर अ‍ॅव्हरेज पडलं असेल तर ते फार घट्ट सेट केलेत, एवढंच.

टायरची हवा? दर १ पीएसआय कमतरतेमागे अ‍ॅव्हरेजचं नुकसान ०.२ टक्क्याच्या आसपास. ५ पीएसआय कमी म्हणजे १ टक्का. हवा भरा, जरूर भरा, पण चार किलोमीटरची घट तिच्यावर ढकलू नका. अलाइनमेंट बिघडलं असेल तर टायरची कड खाल्लेली दिसेल. क्लच सरकत असेल तर मानपूरच्या घाटात चौथ्या गिअरमध्ये आरपीएम चढेल आणि वेग चढणार नाही.

न्यूट्रलच्या चाचणीत गाडी मोकळी निघाली, तरच इंजिनाकडे वळा. पण एअर फिल्टरपासून सुरुवात करू नका. बंद फिल्टर अ‍ॅव्हरेज खातो, हे ज्ञान कार्ब्युरेटरच्या जमान्यातलं. तिथे हवा अडली की मिश्रण दाट व्हायचं. इंजेक्शनच्या गाडीत हवा कमी आली की ईसीयू पेट्रोलही कमी करतो. पिकअप मंदावतो, अ‍ॅव्हरेजला जवळपास धक्का लागत नाही. फिल्टर इंजिनाच्या आयुष्यासाठी बदला.

सर्वांत आधी शीतकाचं (कूलंटचं) तापमान. स्कॅनर लावून महामार्गावर बघा, ८० ते ९५ अंश हवं. जानेवारीच्या सकाळी देवासच्या रस्त्यावर ते ६५वरच घुटमळत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. ईसीयूला इंजिन थंड वाटतं, तो जास्त पेट्रोल देत राहतो, आणि घट्ट तेलाचं घर्षण वेगळं. काही मिस्त्री ‘गाडी गरम होऊ नये’ म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. जुनी गाडी घेतली असेल तर तो जागेवर आहे का, हे आधी तपासा. आणि रामबागेतून जवळच्या राजवाड्यापर्यंतच रोज जाणाऱ्या गाडीचं इंजिन गरमच होत नाही. तिचं अ‍ॅव्हरेज चांगल्या थर्मोस्टॅटनेही सुधारणार नाही.

मग फ्यूएल ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो (अधिक) किंवा घटवतो (उणे) तो स्कॅनरवरचा आकडा; शॉर्ट म्हणजे त्या क्षणाचा, लाँग म्हणजे मुरलेला. शॉर्ट आणि लाँग दोन्हींची बेरीज, गरम इंजिनावर, आयडलला आणि २५०० आरपीएमला. जुन्या गाडीत २० टक्के इथेनॉलमुळे अधिक ४-५ दिसणं साहजिक आहे, तो बिघाड नाही. उणे १०च्या पलीकडे म्हणजे कुठूनतरी नको असलेलं पेट्रोल येतंय: गळका इंजेक्टर, किंवा टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा, उघडा राहिलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकी भरल्याबरोबर गाडी स्टार्ट व्हायला कुरकुरते, ही त्याची खूण). अधिक १०च्या पलीकडे म्हणजे ईसीयूला मिश्रण पातळ वाटतंय. ‘वाटतंय’ हा शब्द महत्त्वाचा. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट गळत असेल किंवा एक प्लग मिस होत असेल, तर सेन्सरपाशी जास्तीचा ऑक्सिजन पोचतो. ईसीयू फसतो, पेट्रोल वाढवतो, आणि अ‍ॅव्हरेज पडतं. पी ०१७१ (‘मिश्रण पातळ’) कोड आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलणं म्हणजे खरं बोलणाऱ्या साक्षीदाराला शिक्षा. आधी गळती आणि प्लग. सेन्सर बदलायचाच असेल तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या) आधीचा. मागचा मुख्यतः कन्व्हर्टरवर नजर ठेवतो, तो बदलून अ‍ॅव्हरेज वाढेल ही आशा ठेवू नका.

एक शक्यता दोन्ही चाचण्यांतून निसटते: गाडी मोकळी धावते, ट्रिमही ठीक, तरी पिकअप नाही. तेव्हा कन्व्हर्टर चोंदलाय का, कॉम्प्रेशन पडलंय का, टायमिंग चेन ताणलीय का, हे बघा. या तिन्हींत पेट्रोलचं माप बरोबर असतं, पण जळलेल्या पेट्रोलातून ताकद कमी निघते.

गॅरेजमध्ये ‘अ‍ॅव्हरेज कम हो गया’ म्हणाल तर ट्यूनिंगच होईल. त्याऐवजी सांगा: ‘न्यूट्रल में चालीस से बीस पे अठारह सेकंड में आ जाती है, पीछे का बायाँ पहिया गरम है, निपल खोलने पे छूटता है.’ मिस्त्री थेट होजकडे जाईल.