नव्व्याण्णव सेंटांचा बाख

एका डॉलरच्या आत, बाख या जुन्या जर्मन संगीतकाराचं कित्येक तासांचं संगीत. २०१०च्या पुढेमागे अमेरिकेत अ‍ॅमेझॉनवर डाउनलोड करायच्या संगीताचे असे गठ्ठे दिसायला लागले, तेव्हा पहिली शंका यायची ती माल चोरीचा असल्याची. दुसरी, सगळं सिंथेसायझरवर उरकलं असल्याची. बहुतेकदा दोन्ही खोट्या निघायच्या.

ही स्वस्ताई डाउनलोडने आणली असं मानतात, पण ती बरीच जुनी. बाख-बीथोवन जाऊन जमाना झाला, त्यांना मानधन द्यावं लागत नाही. खर्च काय तो वादकांचा आणि ध्वनिमुद्रणाचा. हे ओळखून अमेरिकेतल्या व्हॉक्स कंपनीने तीन-तीन एलपींचे ‘व्हॉक्स बॉक्स’ कमी दरात विकले. सीडीच्या काळात, १९८७ मध्ये, क्लाउस हायमन या हाँगकाँगमध्ये स्थायिक झालेल्या जर्मन व्यावसायिकाने नॅक्सॉस काढली. दिग्गज वादक आणि वाद्यवृंद-संचालकांच्या मागे न लागता त्याने ब्रातिस्लाव्हासारख्या शहरांतले वाद्यवृंद घेतले, एकरकमी मोबदला दिला आणि रॉयल्टीची भानगडच ठेवली नाही. समीक्षकांनी आधी नाकं मुरडली. गिऱ्हाइकांनी सीडी उचलल्या.

एप्रिल २००३ मध्ये ॲपलचं आयट्यून्स स्टोअर उघडलं: गाण्याला ९९ सेंट, अल्बम साधारण ९.९९ डॉलर. हा दर ठरला तीन-चार मिनिटांच्या गाण्यांसाठी. शास्त्रीय संगीताला तो लावला की गंमत व्हायची. बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ सुरुवातीची आरिया म्हणजे मूळ धून, तिची ३० बदलती रूपं आणि पुन्हा आरिया अशा ३२ ट्रॅकची. सुटी घेतली तर ३१.६८ डॉलर! उलट मालर या संगीतकाराच्या तिसऱ्या सिम्फनीचा, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेचा, पहिला भाग एकटाच अर्ध्या तासाहून मोठा. तो ९९ सेंटांत कोण देणार? म्हणून लांबलचक ट्रॅक पुष्कळदा सुटे मिळतच नसत, अख्खा अल्बम घ्यावा लागे.

पण अल्बममध्ये किती ट्रॅक असावेत, याला आता मर्यादाच नव्हती. सीडीत जेमतेम ८० मिनिटं मावायची. इथे तबकडीच नाही. सप्टेंबर २००७ मध्ये अ‍ॅमेझॉनने नक्कल करण्यावर कुलूप नसलेल्या एमपी३ विकायला घेतल्या आणि स्वीडनच्या एक्स५ म्युझिक ग्रुपसारख्यांचं फावलं. लहानमोठ्या कंपन्यांची जुनी ध्वनिमुद्रणं परवान्याने घ्यायची, ५० किंवा ९९ तुकडे बांधायचे, शोधणाऱ्याच्या तोंडी असलेलं नाव द्यायचं. १९५०च्या सुमारास निघालेल्या व्हॅनगार्ड या अमेरिकी कंपनीच्या ‘बाख गिल्ड’ मालिकेची जुनी ध्वनिमुद्रणंही अशीच ९९ सेंटांच्या ‘बिग बॉक्स’मधून परत बाजारात आली. माझ्या मते हीच या धंद्याची सगळ्यात चांगली बाजू. तुकड्यांचे संच मला कधी पटले नाहीत. बीथोवनच्या ‘मूनलाइट’ सोनाटाचा पहिला भाग संपतो न संपतो तोच विवाल्डी सुरू!

भारतात फ्लिपकार्टने २०१२ मध्ये ‘फ्लाइट’ नावाने एमपी३ विक्री सुरू केली आणि पुढच्याच वर्षी गुंडाळली. स्ट्रीमिंग आल्यावर गठ्ठे विकत घेणारेही विरळ झाले. २०१६ मध्ये वॉर्नर या बड्या संगीत कंपनीने एक्स५ विकत घेतली.

अमेरिकेत शिकताना घेतलेला एक गठ्ठा माझ्याकडे अजून आहे. त्यात बीथोवनच्या पाचव्या सिम्फनीचा तिसरा भाग न थांबता चौथ्यात शिरायला हवा, नेमकी तिथेच प्लेअरला उचकी लागते. कलाकाराच्या रकान्यात कुठे बीथोवन, कुठे संचालक, कुठे नुसतंच ‘व्हेरियस आर्टिस्ट्स’.