स्लॅबवरच्या आळ्यांतले पाणी

आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून नव्या इमारतीचे बांधकाम समोरच दिसते. पहिल्या मजल्याचा स्लॅब टाकला त्या दिवशी मिक्सरच्या आवाजात तास घेणे अशक्य झाले होते. दुसऱ्या दिवशी मात्र इतकी सामसूम झाली की ‘काम बंद पडले का?’ असे विद्यार्थी विचारू लागले. स्लॅबवर बारीक बांध घालून आळी केलेली होती व त्यांत दोन-तीन बोटे पाणी साठवलेले होते, कॉलमांना गोणपाट गुंडाळले होते आणि एक कामगार नळी घेऊन ते सकाळ-संध्याकाळ भिजवत होता. माझ्या मते इमारत खऱ्या अर्थाने घडते ती याच दिवसांत.

काँक्रीट वाळून घट्ट होते, हा समज फार पक्का आहे; पण ओल्या मातीची भिंत वाळते तसे येथे काहीच होत नाही. सिमेंटमधील कॅल्शियमच्या सिलिकेटांची पाण्याशी रासायनिक अभिक्रिया होते, तिच्यातून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट नावाचा अतिसूक्ष्म, चिवट पदार्थ तयार होतो आणि तोच वाळू व खडीच्या कणाकणाला बांधून ठेवतो. ट्रायकॅल्शियम सिलिकेट लवकर कामाला लागते व पहिल्या काही आठवड्यांतील बळ मुख्यतः त्याचे असते, तर डायकॅल्शियम सिलिकेट सावकाश, कित्येक महिने बळ वाढवत राहते. उन्हाने वरचे पाणी उडून गेले की ही अभिक्रिया तेथेच थांबते आणि पृष्ठभागाला तडे जातात. म्हणूनच आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान ७ दिवस, आणि हवा उष्ण व कोरडी असेल किंवा सिमेंटमध्ये फ्लाय अ‍ॅश, म्हणजे कोळशाची बारीक राख, मिसळलेली असेल तर किमान १० दिवस पाणी मारावे लागते.

गंमत अशी की जे पाणी नंतर इतके हवेहवेसे असते, तेच कालवताना जास्त झाले तर घात करते. पातळ काँक्रीट साच्यात सहज पसरते, त्यामुळे एखादी बादली वाढवण्याचा मोह कामावर नेहमीच होतो. पण अभिक्रियेला न लागलेले पाणी पुढे निघून जाते व मागे सूक्ष्म पोकळ्या ठेवते. सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीला वाळूतील ओल धरून २५ लिटर पाणी, म्हणजे पाणी व सिमेंट यांच्या वजनांचे ०.५० हे गुणोत्तर, आणि कित्येकदा त्याहूनही कमी पाणी लागते.

काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताण मात्र त्याच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतकाच. दोन्ही बाजूंना टेकलेला स्लॅब मध्ये वाकू पाहतो तेव्हा खालची बाजू ताणली जाते, म्हणून मधल्या भागात हा ताण घेणारी मुख्य सळई तळाशी असते. छज्ज्यात ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून तेथे ती वर असते. छज्ज्याची सळई काम करणाऱ्यांच्या पायाखाली दबून खाली गेली, तर लोखंड पुरेसे असूनही तो छज्जा धोक्याचा ठरतो.

स्लॅब टाकताना त्याच काँक्रीटचे १५० मिलिमीटर बाजूचे ठोकळे भरून घेतात. कामावर त्यांना ‘क्यूब’ म्हणतात. ते पाण्यात बुडवून ठेवतात व ७ आणि २८ दिवसांनी यंत्रात दाबून फोडतात. पहिल्या आठवड्यात साधारण दोन-तृतीयांश बळ आलेले असते. एम २५ प्रतीच्या, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन दाब सोसणाऱ्या, काँक्रीटचा तळहाताएवढ्या तोंडाचा हा ठोकळा २८ दिवसांनी सुमारे ५७ टन भार पेलेल अशी अपेक्षा असते; चौदा-पंधरा मोठ्या हत्तींचे वजन म्हटले तरी चालेल.

पुरेसे बळ येईपर्यंत स्लॅबचा भार सेंटरिंगच्या, म्हणजे खालच्या तात्पुरत्या साच्याच्या, टेकूंवर असतो, आणि १५० मिलिमीटर जाडीचा स्लॅब दर चौरस मीटरला सुमारे ३७५ किलो भरतो. वर्गाच्या बीमचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधले अंतर, ६ मीटरपेक्षा मोठा असेल तर मानकानुसार त्याचे टेकू साधारणपणे २१ दिवस काढत नाहीत. आमच्याकडे ते काढले तेव्हा मी मुद्दाम खाली जाऊन उभा राहिलो. मिस्त्रींनी मधल्या टेकूपासून सुरुवात केली व दोन्ही बाजूंच्या कॉलमांकडे सरकत गेले, कारण मधला टेकू शेवटपर्यंत ठेवला तर बीम त्याच्यावर टेकून वरच्या बाजूने ताणला जातो, आणि तेथे त्या ताणासाठी पुरेशी सळई नसते. शेवटचा टेकू निघाला आणि बीमने आपला भार प्रथमच स्वतः घेतला. वरच्या आळ्यांचे बांध तोवर खरवडून झाले होते, आणि दुसऱ्या मजल्याच्या कॉलमांची सळई बांधायला माणसे शिडीवरून वर चढत होती.