जखमेवरचा फेस आणि पेशींचा निरोप

कोल्हापूरच्या तालमीत गुडघा सोलवटला की कुणीतरी हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली पुढे करतं. रक्तातलं कॅटलेज हे विकर (एन्झाइम) पेरॉक्साइड फोडून ऑक्सिजन मोकळा करतं, त्याचा तो पांढरा फेस. (त्यात भरून येणाऱ्या पेशीही होरपळतात, साधं स्वच्छ पाणी बरं.) तेच पेरॉक्साइड आपल्या पांढऱ्या पेशी स्वतः बनवतात, हे कळायला मात्र बराच काळ गेला.

१९३३ मध्ये बाल्ड्रिज आणि जेरार्ड या संशोधकांना दिसलं की, कुत्र्याच्या पांढऱ्या पेशी जंतू गिळताना एकाएकी जास्त ऑक्सिजन ओढतात. गिळायला ताकद लागते म्हणून असेल, असं वाटण्यासारखंच होतं. पण १९५९ मध्ये स्बारा आणि कार्नोव्स्की यांनी दाखवलं की, ती ताकद ऑक्सिजनविना होणाऱ्या ग्लुकोजच्या विघटनातून मिळते. मग हा ऑक्सिजन जातो कुठे? १९६१ मध्ये पेरॉक्साइड सापडलं, १९७३ मध्ये बॅबियर आणि सहकाऱ्यांना सुपरऑक्साइड, म्हणजे ज्यापासून पेरॉक्साइड बनतं तो ऑक्सिजनचा अतिक्रियाशील रेणू, एक ‘फ्री रॅडिकल’. जंतू मारायचं हत्यार मिळालं, आणि विषय तिथेच मिटल्यासारखा झाला.

खटकत होता तो एक दुर्मीळ आनुवंशिक आजार, क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज. यात सुपरऑक्साइड बनवणारं विकरच बिघडलेलं असतं. पेशी जंतू गिळतात, पण काही जंतू त्यांच्याकडून मरत नाहीत. इथवर ठीक. पण या मुलांत जंतुसंसर्ग नसतानाही दाह भडकतो. हत्यार नाही तर आग कमी हवी, ती जास्त का? २००३ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांना उंदरांच्या जातीतल्या रॅट या प्राण्यांतही तेच आढळलं: हे रेणू कमी बनवणाऱ्यांना संधिवात अधिक तीव्र होत होता. म्हणजे हे रेणू लगामही लावतात. ‘फ्री रॅडिकल म्हणजे शत्रू’ असं सांगून गोळ्या खपवणाऱ्या जाहिरातींत ही बाजू कधी येत नाही.

हे रेणू पेशींत निरोप, म्हणजे संदेशही पोचवतात, याचा धागा १९९१ मध्येच हाती लागला होता. जर्मनीत टी-पेशींना (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) थोडं पेरॉक्साइड दिलं, तर दाहाची जनुकं चालू करणारं एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन जागं झालं. पुढे एक मार्ग उलगडला. काही प्रथिनं संदेश बंद करण्याचं काम करतात. पेरॉक्साइड त्यांच्या सिस्टीन या अमिनो आम्लातल्या गंधकाला ऑक्सिजन जोडून त्यांना तात्पुरतं निकामी करतं, आणि संदेश पुढे सरकतो. नंतर ती पूर्ववत होतात.

२००९ मध्ये झेब्राफिश या छोट्या माशाच्या कापलेल्या शेपटीत तर पांढऱ्या पेशी पोचण्याआधीच पेरॉक्साइड पसरलेलं दिसलं. ते जखमेच्या कडेच्या साध्या त्वचापेशींनी सोडलं होतं, आणि ते अडवलं तर पांढऱ्या पेशी तिकडे चटकन वळत नव्हत्या.