क्रियापदाचा सूर कोण ठरवतं?

'जुन्या वह्या आणि पिशव्या दे.' यात पिशव्या जुन्या हव्यात की कशाही चालतील? 'वह्या'नंतर किंचित थांबलात, तर जुनेपणा वह्यांपुरताच राहतो. 'जुन्या'नंतर थांबून 'वह्या आणि पिशव्या' एका दमात म्हटलंत, तर दोन्ही जुन्या. शब्द तेच आणि क्रमही तोच असतो. कोणता शब्द आधी कोणाशी जोडला गेला, म्हणजे वाक्याची आतली बांधणी, तेवढी बदलते.

भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की आणि त्यांच्या परंपरेतल्या अभ्यासकांनी मांडलेलं चित्र असं: मनातलं व्याकरण आधी ही बांधणी तयार करतं. मग तीच बांधणी एकीकडे उच्चाराकडे जाते आणि दुसरीकडे अर्थाकडे. उच्चार आणि अर्थ यांच्यात थेट रस्ता नाही. वरच्या वाक्यात थांबण्याची जागा अर्थ ठरवत नाही. थांबा आणि अर्थ, दोन्ही बांधणीतूनच निघतात.

हे ऐकायला फार अमूर्त वाटतं. पण याचा मला सर्वांत देखणा वाटणारा पुरावा ऋग्वेदात आहे, अगदी पहिल्याच सूक्तात. चौथी ऋचा पाहा: 'अग्ने यं यज्ञमध्वरं विश्वतः परिभूरसि । स इद्देवेषु गच्छति ॥' म्हणजे, हे अग्ने, ज्या यज्ञाला तू सर्व बाजूंनी वेढून असतोस, तोच देवांपर्यंत जातो. यात क्रियापदं दोन, 'असि' आणि 'गच्छति'. 'असि'मधला 'अ' उदात्त, म्हणजे उंच सुरात म्हणायचा, आहे; छापील संहितेत पुढच्या 'सि'वर जी उभी रेघ दिसते ती त्यामुळेच. 'गच्छति'मध्ये मात्र एकही उदात्त नाही.

असं का? जाणं हे असण्यापेक्षा कमी महत्त्वाचं आहे म्हणून नव्हे. 'असि' हे 'यं'ने सुरू झालेल्या गौण वाक्यातलं क्रियापद आहे आणि 'गच्छति' मुख्य वाक्यातलं, एवढाच फरक. पाणिनीने अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायात यासाठी नियमच दिले आहेत. 'तिङ्ङतिङः' (८.१.२८) सांगतं, की क्रियापद नसलेल्या पदानंतर आलेलं क्रियापद उदात्त गमावतं. 'यद्वृत्तान्नित्यम्' (८.१.६६) अपवाद करतं: आधी 'यद्'चं ('जो', 'जे') 'यं'सारखं रूप असेल, तर उदात्त टिकतो. क्रियापद मुख्य वाक्यातलं की गौण, हे वैदिक श्रोत्याला सुरावरूनही कळत होतं. इसवी सनापूर्वीच्या त्या काळात सूर आणि वाक्यरचना यांचं नातं इतक्या थोडक्या अक्षरांत पकडलं गेलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पण मग जोर देण्याचं काय? 'मी पुण्याला गेलो होतो' म्हणताना 'मी'वर जोर दिला, तर 'दुसरं कोणी नाही' असा अर्थ होतो. इथे सूर थेट अर्थाशी बोलतो आहे असं वाटेल. भाषाशास्त्रज्ञ रे जॅकेन्डॉफ यांनी १९७२ मध्ये यावर उपाय सुचवला: भर कुठे आहे याची खूण बांधणीतच असते, उच्चार ती आघातात उतरवतो आणि अर्थ तिच्यातून 'दुसरं कोणी नाही' हे काढतो. मराठीत तर ही खूण पुष्कळदा ऐकूही येते: 'मीच गेलो होतो'मधला 'च'.

खरी गुंतागुंत पुढे आहे. उच्चाराचे तुकडे वाक्यरचनेच्या तुकड्यांशी नेहमी जुळत नाहीत. वेदातलं क्रियापद वाक्याच्या मध्यात असूनही चरणाच्या सुरुवातीला आलं, तर त्याचा उदात्त टिकतो. पाणिनीने 'अपादादौ' ('चरणाच्या सुरुवातीला नसताना') म्हणून ही जागा वगळली आहे. चरण हा छंदाचा तुकडा आहे, वाक्यरचनेचा नाही. एलिझाबेथ सेलकर्क यांच्यासारख्या अभ्यासकांच्या मते उच्चार वाक्यरचनेवरून स्वतःची वेगळी, काहीशी सपाट रचना उभारतो आणि आघाताचे, संधीचे नियम तिच्यावर चालतात. दुसऱ्या गटाला ही मधली पायरी अनावश्यक वाटते. ध्वनीचे नियम वाक्यरचना थेट वाचतात, असं ते मानतात.