उशीर झालेला शोमरोनी

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट कॅथलिक मिस्सामध्ये तीन वर्षांतून एकदा जुलैतल्या रविवारी येते, आमच्या वसईत तेव्हा हमखास धो धो पाऊस, चर्चच्या दारात ओल्या छत्र्यांचा ढीग आणि प्रवचन लांबलं की निम्मी मंडळी हळूच घड्याळ बघणार. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. यरुशलेमहून यरीहोला निघालेल्या माणसाला लुटारू अर्धमेला करून टाकतात, याजक बघून पलीकडून निघून जातो, लेवी, म्हणजे देवळातला सेवेकरी, हाही तसाच जातो, आणि यहुदी ज्याला जवळ उभं करणार नाहीत असा शोमरोनी थांबतो, जखमांवर तेल-द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो आणि वर खर्चाचे दोन दीनारही देतो. का थांबला? बायबलमध्ये ही गोष्ट लिहिणारा लूक एवढंच सांगतो की त्याला कळवळा आला. आणि पहिले दोघं का नाही थांबले, हे तर सांगतच नाही.

हे न सांगितलेलं शोधायला जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत प्रिन्स्टनच्या थिऑलॉजिकल सेमिनरीत एक प्रयोग केला, 1973 साली तो छापून आला. बॅटसन स्वतः त्याच सेमिनरीत शिकलेला, म्हणजे घरचाच माणूस. पाळकपणाचं शिक्षण घेणाऱ्या 40 विद्यार्थ्यांचे निकाल त्यात धरले. त्यांच्याकडून आधी एक प्रश्नावली भरून घेतली, तुम्ही धार्मिक आहात ते नक्की कशासाठी, अशा धाटणीची. मग एकेकाला सांगितलं की शेजारच्या बिल्डिंगमध्ये जाऊन छोटं भाषण रेकॉर्ड करायचंय, निम्म्यांना विषय दिला सेमिनरीनंतरच्या नोकऱ्या, निम्म्यांना हीच शोमरोन्याची गोष्ट. निघताना कोणाला सांगितलं की अजून वेळ आहे पण निघालात तरी चालेल, कोणाला ते तयारच आहेत, जा, आणि कोणाला अहो तुम्हाला उशीर झालाय, ते कधीचे वाट बघतायत.

वाटेतल्या बोळात एका दारापाशी एक माणूस मान खाली घालून, डोळे मिटून बसलेला. विद्यार्थी जवळून जाताना तो दोनदा खोकायचा आणि कण्हायचा. अर्थात नाटक.

40 पैकी 16 जणांनी काहीतरी मदत केली. निवांत निघालेल्यांत 63 टक्के, मधल्या गटात 45 आणि उशीर झालेल्यांत फक्त 10 टक्के. काही जण तर शोमरोन्यावर भाषण करायला जाताना त्या माणसाला अक्षरशः ओलांडून गेले! विषयाचा परिणाम संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही, शोमरोनीवाल्यांत 53 टक्के आणि नोकरीवाल्यांत 29 टक्के असा फरक होता खरा, पण 40 जणांत तेवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, नंतर काहींनी हेच आकडे वेगळे वाचलेत. आणि धार्मिक कशासाठी या उत्तरावरून कोण थांबेल ते अजिबात सांगता आलं नाही.

हा प्रयोग बहुतेक लोक 'बघा, हे धार्मिक लोक असेच ढोंगी' म्हणून सांगतात, मला ते पटत नाही. न थांबलेले कित्येक जण पुढच्या बिल्डिंगमध्ये पोचले तेव्हा अस्वस्थ दिसत होते असं डार्ली-बॅटसननीच लिहिलंय, त्यांची वाट बघणारा तिकडे आणखी कोणीतरी होता ना, म्हणजे एकाला दिलेला शब्द पाळायच्या नादात दुसरा राहून गेला, यात दगडाचं काळीज कुठे आलं?

घाईसारखाच वारही महत्त्वाचा निघाला. दीपक मल्होत्रा या संशोधकाने 2010 मध्ये दाखवलं की दानासाठी केलेल्या आवाहनाला चर्चला जाणारे लोक इतरांपेक्षा जास्त प्रतिसाद देतात, पण फक्त रविवारी, सोमवार ते शनिवार दोघं सारखेच. वरून देव बघतोय म्हणून हात सैल सुटतो, असा 2007 चा एक गाजलेला प्रयोगही आहे, देवाशी जोडलेले शब्द नकळत डोळ्यांखालून गेलेल्यांनी 10 डॉलरमधले सरासरी 4.22 अनोळखी माणसासाठी ठेवले, बाकीच्यांनी 1.84. मात्र 2015 मध्ये जास्त माणसं घेऊन तो परत केला तर परिणाम सापडलाच नाही, त्यामुळे यावर फार इमले नकोत.

मग हेतू ओळखायचा तरी कसा? तोंडाने विचारून उपयोग नाही, सगळे प्रेमच म्हणणार. बॅटसनची 1981 ची युक्ती मला भारी वाटते. एलेन नावाच्या मुलीला विजेचे झटके बसताना बघायचं (हेही नाटकच), आणि तिच्या जागी आपण बसायचं का ते ठरवायचं. काहींना सरळ उठून जायची मोकळीक, काहींना शेवटपर्यंत बघत बसणं भाग. स्वतःचा जीव कासावीस होतो म्हणूनच मदत करणारा माणूस दार उघडं दिसलं की सटकणार, हो ना? एलेन आपल्यापेक्षा वेगळ्या स्वभावाची आहे असं ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यातल्या 18 टक्क्यांनीच दार उघडं असताना तिची जागा घेतली. अगदी आपल्यासारखीच आहे असं ज्यांना सांगितलं, म्हणजे ज्यांना तिच्याबद्दल जास्त कळवळा वाटणार, त्यांच्यातल्या 91 टक्क्यांनी. म्हणजे कळवळा खराही असतो तर.

त्याच वर्षी त्याने रेबेका ग्रे हिच्याबरोबर आणखी एक प्रयोग केला, त्यातलं एकटं पडलेलं पात्र कधी चिठ्ठीत सोबत मागायचं, कधी लिहायचं की मला माझं निस्तरू द्या. धर्म हाच आयुष्याचा गाभा मानणाऱ्यांनी दोन्ही वेळा मदत देऊ केली, धर्माकडे न सुटलेला प्रश्न म्हणून बघणाऱ्यांनी जेव्हा मागितली तेव्हाच.

आता परत त्या बोळात चला. थांबून विचारपूस करणाऱ्याला तो माणूस सांगायचा, थँक्यू, मला श्वासाचा त्रास आहे, गोळी घेतलीय, थोडं बसलो की बरं वाटेल. धर्माकडे प्रश्न म्हणून बघणारे ते ऐकून बऱ्याचदा बरं म्हणायचे आणि निघायचे. पण काही जण ऐकेचनात, नाही नाही आत चला, गरम कॉफी घ्या, वर थोडं धर्माचंही ऐका, आणि गोळी घेतलीय हे तो परत परत सांगतोय त्याचं काही नाही. डार्ली-बॅटसनला वाटलं की ही मदत समोरच्याच्या गरजेपेक्षा मदत करणाऱ्याच्या आतल्या गरजेतून येत असावी. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला गेल्यावर तो नको म्हणत असताना सफरचंद कापून तोंडात कोंबणारी मावशी असते ना, तीच जात. असे हट्टी मदतनीस भेटणार हे प्रयोग आखणाऱ्यांनी धरूनच ठेवलं होतं, नटाला आधीच सूचना होती की कोणी आत न्यायचा फारच आग्रह केला तर उठायचं, त्याच्याबरोबर आत जायचं आणि आभार मानायचे.