लोकेल, लिनक्समधील : अपग्रेडनंतरचे बिघाड

लोकेल, लिनक्समधील : अक्षरांचे संकेतन, वर्णानुक्रम, तारीख-वेळ, संख्या व चलन लिहिण्याची रीत आणि संदेशांची भाषा ठरवणाऱ्या नियमांचा संच. प्रणालीचे अपग्रेड झाल्यावर या नियमांत जे बिघाड दिसतात त्यांना बोलण्यात ‘भाषेचे सेटिंग करप्ट झाले’ असे म्हणतात. संज्ञा रूढ आहे, पण नेमकी नाही. सेटिंगच्या फाइलीत असते ते एका लोकेलचे नाव. त्या नावाचे नियम वेगळ्या ठिकाणी संकलित रूपात ठेवलेले असतात. अपग्रेडमध्ये नाव जुने राहते आणि नियम बदलतात, हलतात किंवा नाहीसे होतात. बहुतेक तक्रारींचे मूळ या फारकतीत सापडते. फाइल खरोखर खराब झाल्याची उदाहरणे त्या मानाने थोडी आहेत.

नावाची घडण ठरलेली असते : आयएसओ ६३९ मधील भाषेचा संकेत, अधोरेषा, आयएसओ ३१६६ मधील देशाचा संकेत, मग टिंब देऊन संकेतन आणि गरज पडल्यास ‘ॲट’ चिन्हानंतर उपप्रकार. ‘ईएन_यूएस.यूटीएफ-८’ हे सर्वांत जास्त आढळणारे नाव. यातील यूटीएफ-८ हे यूनिकोडचे संकेतन. मराठीचे नाव जीलिबसीच्या (लिनक्समधील कार्यक्रमांना लागणाऱ्या मूळ फलनांचे सी भाषेतील ग्रंथालय, म्हणजे लायब्ररी) यादीत नुसते ‘एमआर_आयएन’ असे येते. युरोपीय भाषांची मोकळी नावे आठ-बिटी संकेतनांनी आधीच अडवली होती, म्हणून त्यांना यूटीएफ-८ चे शेपूट लावावे लागले. मराठीसाठी त्या यादीत आठ-बिटी लोकेल नव्हतेच. संकेतनाचे नाव जुळवताना जीलिबसी त्यातील आडव्या रेघा काढते व अक्षरे लहान करते, त्यामुळे ‘यूटीएफ-८’ आणि ‘यूटीएफ८’ ही दोन्ही रूपे चालतात. या किरकोळ फरकालाच बिघाड समजून त्यामागे तासन्‌तास घालवणारे पुष्कळ.

उगम : संकल्पनेच्या उगमाबद्दल एकवाक्यता नाही. एक मत असे की, तिचे बीज ह्यूलेट-पॅकार्डच्या यूनिक्समधील ‘नेटिव्ह लँग्वेज सपोर्ट’ या सोयीत आहे आणि तेथून ती एक्स/ओपन गटाच्या १९८७ च्या मार्गदर्शिकेत आली. दुसरे मत सी भाषेचे मानक ठरवणाऱ्या अमेरिकी समितीला श्रेय देते. ‘सेटलोकेल’ हे फलन १९८९ च्या सी मानकात आहे व पाच मूळ वर्ग (वर्णप्रकार, क्रम, चलन, संख्या, वेळ) त्यातच निश्चित झाले. दोन्ही धागे साधारणतः १९८५ ते १९८९ या काळात समांतर चालले असावेत. परिवेशातील (कार्यक्रमाला सुरू होताना मिळणाऱ्या नाव-किमतींच्या संचातील) ‘लँग’ हा चल एक्स/ओपनकडून आणि ‘लोकेल’ ही एकसंध कल्पना सी समितीकडून आली, असे मानणे उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते. लोकेलची व्याख्या मजकुरी फाइलीत लिहून ती ‘लोकेलडेफ’ या आज्ञेने संकलित करण्याची रीत पॉसिक्स या यूनिक्ससदृश प्रणालींच्या मानकाच्या १९९२ च्या भागात ठरली. संदेशांचा वर्गही पॉसिक्सचाच. संदेशांच्या अनुवादासाठी एक्स/ओपनची ‘कॅटगेट्स’ आणि सन कंपनीची ‘गेटटेक्स्ट’ अशा दोन पद्धती स्पर्धेत होत्या. उलरिख ड्रेपर यांनी १९९५ मध्ये लिहिलेल्या ग्नू गेटटेक्स्टमुळे लिनक्सवर दुसरी टिकली.

कागदाचा आकार, व्यक्तिनाम, पत्ता, दूरध्वनी, मापनपद्धती व ओळख हे जीलिबसीतील आणखी सहा वर्ग आयएसओच्या १४६५२ क्रमांकाच्या मसुद्यावर आधारलेले आहेत. त्यावर सहमती न झाल्याने तो मानक न होता तांत्रिक अहवाल म्हणून निघाला. अपग्रेडनंतर छपाईचा कागद एकाएकी ए४ ऐवजी अमेरिकी ‘लेटर’ आकाराचा झाला, तर दोष बहुधा यांपैकी पहिल्या वर्गात असतो आणि तो शोधायला कोणी तिकडे जात नाही.

चलांचा अग्रक्रम : ‘एलसी_ऑल’ सर्वांवर मात करतो, तो नसेल तर त्या त्या वर्गाचा ‘एलसी_’ चल पाहिला जातो, तोही नसेल तर ‘लँग’. ‘लँग्वेज’ हा चौथा चल फक्त संदेशांपुरता असून त्यात विसर्गासारख्या दोन टिंबांनी तोडलेली भाषांची पसंतीयादी देता येते, मात्र लोकेल ‘सी’ (कोणत्याही भाषेचे खास नियम नसलेले मूळ लोकेल) असल्यास तो दुर्लक्षिला जातो. ‘एलसी_ऑल’ कायमस्वरूपी सेटिंगमध्ये ठेवावा की नाही, याबद्दल मतभेद आहेत. एका बाजूचे म्हणणे, एका ओळीत सगळे ठाकठीक होते. डेबियन या लिनक्स वितरणाची मार्गदर्शक पाने मात्र तसे न करण्याचा सल्ला देतात. चाचणीपुरता तो उपयोगी पडतो. कायम ठेवल्यास इतर सर्व चल मुके होतात आणि पुढच्या अपग्रेडला दोष नेमका कोठे आहे हे कळेनासे होते. दुसरी बाजूच सयुक्तिक वाटते.

फारकतीची कारणे : संकलित नियम बहुधा ‘लोकेल-आर्काइव्ह’ नावाच्या एकाच मोठ्या फाइलीत असतात. तिची द्विमान रचना जीलिबसीच्या आवृत्तीशी बांधलेली असते, म्हणून जुन्या आवृत्तीने केलेली फाइल नव्या आवृत्तीला वाचता येईलच असे नाही. ग्नू गिक्स ही प्रणाली याच कारणाने प्रत्येक जीलिबसी आवृत्तीसाठी लोकेलची वेगळी निर्देशिका ठेवते. डेबियन व उबुंटूवर अपग्रेडच्या ओघात ‘लोकेल-जेन’ ही आज्ञा फाइल नव्याने घडवते. ही क्रिया चालू असताना डिस्कवरील जागा संपली किंवा वीज गेली, तर नाव उरते आणि नियम जातात. फेडोरात २०१६ च्या २४ व्या आवृत्तीपासून प्रत्येक भाषेचे लोकेल स्वतंत्र लँगपॅकमध्ये मिळते. ते पॅकेज अपग्रेडमध्ये गळाले की परिणाम तोच. देशांची नावेही बदलतात. सर्बिया व माँटेनेग्रो २००६ मध्ये वेगळे झाल्यावर त्यांच्या सामाईक संकेताचे लोकेल पुढे गळाले आणि जुन्या फाइलीत ते नाव ठेवणाऱ्यांचे संगणक इशारे देऊ लागले. कंटेनरसाठीच्या (एखाद्या कार्यक्रमापुरत्या बांधलेल्या प्रणालीच्या) छोट्या प्रतिमांत तर बहुधा ‘सी’, ‘पॉसिक्स’ आणि ‘सी.यूटीएफ-८’ एवढेच असते.

कधी नाव बाहेरून येते. डेबियनमध्ये एसएसएचचा (दूरच्या संगणकावर काम करण्याची सोय) ग्राहक ‘लँग’ आणि ‘एलसी_’ चल दूरच्या संगणकाला पाठवतो व सेवक ते स्वीकारतो. मॅकओएसमधून जोडणी केली की वर्णप्रकाराच्या चलात भाषा-देश नसलेले नुसते ‘यूटीएफ-८’ येते. जीलिबसीला या नावाचे लोकेल सापडत नाही. अशा वेळी दूरच्या संगणकावर कितीही दुरुस्ती केली तरी व्यर्थ.

लक्षणे : सर्वांत बोलके लक्षण पर्ल या आज्ञावली-भाषेचा इशारा. लोकेल लावता आले नाही, अमुक चलांची किंमत अमुक आहे, म्हणून मानक ‘सी’ लोकेलवर येत आहोत, असे तो सांगतो. पॅकेजची स्थापना करणाऱ्या बऱ्याच आज्ञा पर्लमध्ये लिहिलेल्या असल्याने अपग्रेडच्या वेळीच तो ओळीमागून ओळ झळकतो. काम मात्र थांबत नाही. ‘बॅश’ या आज्ञा-कवचाचा (शेल) इशारा त्याहून मोघम. ग्नोम टर्मिनल उघडायलाच नकार देते आणि ‘एएनएसआय_एक्स३.४-१९६८’ हे यूटीएफ-८ नसलेले लोकेल चालणार नाही, असे कळवते. हे गूढ नाव म्हणजे आस्कीच्या १९६८ च्या मानकाचे. ‘सी’ लोकेलचे संकेतन जीलिबसी आजही त्याच नावाने सांगते. पायथनने ३.७ या आवृत्तीपासून (२०१८) ‘सी’ लोकेल दिसताच परस्पर यूटीएफ-८ कडे वळण्याची सोय केली. वापरणाऱ्याची गैरसोय टळली, पण दुखणे झाकले गेले हेही खरे.

अक्षरे बिघडण्याचे तीन प्रकार वेगळे ओळखावेत. देवनागरीचा प्रत्येक वर्ण यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचा असतो. त्यातील पहिला दशमान पद्धतीत नेहमी २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५. हे बाइट आयएसओ ८८५९-१ समजून वाचले, तर डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि त्यामागे चलनाचे गोल चिन्ह किंवा येनचे चिन्ह अशी जोडी पानभर दिसते. ती दिसली की संकेतन चुकले आहे, मजकूर सुरक्षित आहे. लोकेल ‘सी’ झाले असेल, तर फाइलींची यादी देणारी ‘एलएस’ ही आज्ञा जुन्या आवृत्तीत प्रश्नचिन्हे दाखवते. ग्नू कोअरयूटिल्स ८.२५ पासून (२०१६) ती तेच बाइट अष्टमान पद्धतीत छापते, जसे ‘म’ साठी ३४०, २४४, २५६. नुसते रिकामे चौकोन दिसले तर फाँट नाही. लोकेलला दोष देऊ नये. ग्राफिक पटलाविना चालणाऱ्या लिनक्स कन्सोलचा फाँट फार तर ५१२ आकृत्यांचा असतो आणि त्याला जोडाक्षरे जुळवता येत नाहीत, म्हणून तेथे देवनागरी नीट न दिसणे हा बिघाडच नव्हे.

संकेतनाचा बदल ज्या पिढीने सोसला तिचा अनुभव आणखी वेगळा. रेड हॅट लिनक्स ८.० ने २००२ मध्ये आणि डेबियन ४.० ने २००७ मध्ये नव्या स्थापनांसाठी यूटीएफ-८ हे गृहीत धरले. जुन्यावरून अपग्रेड केलेल्या संगणकांवर फाइलींची नावे जुन्याच संकेतनात राहिली. ती बदलण्यासाठी ‘कॉन्व्हएमव्ही’ हे साधन अजूनही वापरात आहे.

निदान व उपाय : ‘लोकेल’ ही आज्ञा पर्यायाविना दिली की सर्व वर्गांच्या किमती छापल्या जातात. त्यातील अवतरणचिन्हे अर्थपूर्ण असतात : अवतरणातील किंमत ‘लँग’ किंवा ‘एलसी_ऑल’ वरून आलेली, अवतरणाविना असलेली त्या चलात थेट लिहिलेली. ‘-ए’ हा पर्याय संगणकावर नियम खरोखर उपलब्ध असलेल्या लोकेलांची यादी देतो आणि ‘चारमॅप’ हा शब्द जोडला तर चालू संकेतन. पर्यायाविना छापलेले नाव ‘-ए’च्या यादीत नसेल तर निदान झाले.

डेबियन व उबुंटूवर ईटीसी निर्देशिकेतील ‘लोकेल.जेन’ फाइलीत हव्या त्या ओळीपुढचे ‘#’ चिन्ह काढून ‘लोकेल-जेन’ चालवतात, किंवा ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर लोकेल्स’ ही आज्ञा देऊन यादीतून निवड करतात. आर्च लिनक्सवर पहिलीच रीत. फेडोरात त्या भाषेचा जीलिबसी लँगपॅक बसवतात. नाव बदलायचे असेल तर सिस्टमडी (सेवा सुरू करणारी यंत्रणा) असलेल्या प्रणालीवर ‘लोकेलसीटीएल’. चालू प्रक्रियांचे चल मात्र जुनेच राहतात, म्हणून लॉगआउट करून पुन्हा आत यावे लागते. क्रॉनमधील (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) कामे व सेवा यांचा परिवेश टर्मिनलहून वेगळा असतो, तेव्हा टर्मिनलमध्ये सारे ठीक आणि रात्रीच्या कामात प्रश्नचिन्हे, असेही घडते.

तडजोडीचा पर्याय म्हणून ‘सी.यूटीएफ-८’ सुचवला जातो. डेबियनने तो आधी स्वतःच्या जोरावर दिला. मूळ जीलिबसीत तो २.३५ या आवृत्तीत, २०२२ मध्ये आला. ‘सी’ प्रमाणे तो ग्रंथालयात अंतर्भूत नसतो, त्याची फाइल वेगळी असते, ही बाब विसरली जाते.

वर्णानुक्रमातील बदल : येथवरचे बिघाड दिसतात तरी. सर्वांत घातक बिघाड इशारा न देता होतो. ऑगस्ट २०१८ मधील जीलिबसी २.२८ मध्ये क्रमवारीची आधारसामग्री आयएसओ १४६५१ च्या २०१६ च्या आवृत्तीनुसार बदलली. ‘११’ आणि ‘१-१’ या मजकुरांचे रोमन अंकांतील रूप अमेरिकी इंग्रजी लोकेलात लावले, तर जुन्या आवृत्तीत पहिला ‘११’ येई, नव्या आवृत्तीत ‘१-१’. पोस्टग्रेएसक्यूएलसारख्या डेटाबेसची बी-ट्री अनुक्रमणिका (नोंदी झटपट शोधण्यासाठीची क्रमवार रचना, इंडेक्स) ठरावीक क्रम गृहीत धरून रचलेली असते. प्रणाली डेबियन ९ वरून १० वर किंवा रेड हॅट एंटरप्राइज ७ वरून ८ वर नेली आणि डेटा तसाच ठेवला, की अनुक्रमणिका जुन्या क्रमाची व शोध नव्या क्रमाचा. परिणामी असलेली नोंद सापडत नाही आणि एकमेव असायला हव्या त्या स्तंभात तीच किंमत दुसऱ्यांदा शिरते. ‘करप्ट’ हा शब्द जर कोठे चपखल असेल तर येथे. मजकुरी स्तंभांवरील अनुक्रमणिका पुन्हा बांधणे हा उपाय. दुबार नोंदी शिरल्या असतील तर त्या आधी निस्तराव्या लागतात. पोस्टग्रेएसक्यूएल १५ पासून डेटाबेसच्या क्रमनियमाची आवृत्ती नोंदवली जाते आणि ती जुळली नाही तर इशारा मिळतो. इशाऱ्यात सुचवलेली ‘रीफ्रेश’ आज्ञा केवळ नोंदलेला आकडा बदलते, अनुक्रमणिका बांधत नाही. आधी ती आज्ञा देणाऱ्याचा इशारा जातो आणि दोष राहतो. क्रमाचा वर्ग तेवढा ‘सी’ ठेवून बाइटांच्या क्रमाने चालावे, असा एक पंथ आहे. यंत्राला तो सोयीचा. माणसांसाठीच्या याद्यांत मात्र मोठ्या लिपीतील सर्व रोमन अक्षरे लहान लिपीच्या आधी येतात.

डेस्कटॉपवर नाव आणखी काही ठिकाणी दडलेले असते. प्लाझ्मा हा डेस्कटॉप ते ‘प्लाझ्मा-लोकेलआरसी’ या फाइलीत ठेवतो. ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपच्या बाबतीत अकाउंट्स-सर्व्हिस प्रत्येक वापरकर्त्याची भाषा वेगळी नोंदवते. प्रणालीचे सेटिंग बदलूनही जुनी भाषा परत येत असेल तर ही ठिकाणे पाहतात. कळफलकाची मांडणी लोकेलहून स्वतंत्र आहे.

अल्पाइनसारख्या वितरणांत जीलिबसीऐवजी मसल हे ग्रंथालय असते. त्यात संकलित संग्रह-फाइल नाही, संकेतन यूटीएफ-८ च असते आणि वर्णानुक्रमाचे भाषानिहाय नियम अंमलात नाहीत.

[→ यूटीएफ-८, यूनिकोड]